७ लिटरच्या केसमध्ये ८७००के: डीलिड करावं का, आणि केल्यावर ५ गीगाहर्ट्झ मिळतात का

तुम्ही विचारलंय ते असं: मडगावला घरातूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता, ७ लिटरच्या केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या छोट्या डब्यात, झेड३९० चिपसेटचा आयटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, मदरबोर्ड, त्यावर इंटेलचा आय७ ८७००के प्रोसेसर, वर ४७ मिलिमीटर उंचीचा कूलर, एक्स्पोर्ट लावला की दोनेक मिनिटांत ९८ डिग्री आणि पंखा असा ओरडतो की बाजूच्या खोलीतून लोक येऊन विचारतात. दुबईचा भाऊ चतुर्थीला येतोय, त्याच्याकडून लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू, मागवायचं, डीलिड करायचं, म्हणजे प्रोसेसरचं धातूचं झाकण काढून आतली पेस्ट बदलायची, आणि सरळ ५ गीगाहर्ट्झ लावायचे, चालेल का?

डीलिड करा, ८७००के ला त्याचा खरंच फायदा होतो. ५ गीगाहर्ट्झ मात्र डोक्यातून काढा, निदान या केसमध्ये तरी. डीलिडने डिग्री कमी होतात, वॅट कमी होत नाहीत, आणि छोट्या केसची भांडणं सगळी वॅटशी असतात. खाली जे लिहितोय ते सगळं या एकाच वाक्याभोवती आहे.

पण टूल वगैरे मागवण्याआधी आज रात्रीच बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जा. ८७००के ला कंपनीनं सहाही कोअरला ४.३ गीगाहर्ट्झ दिलेत, ४.७ फक्त एकाच कोअरवर लोड असतो तेव्हा. झेड३७० आणि झेड३९० च्या बऱ्याच बोर्डांवर मात्र मल्टिकोअर एन्हान्समेंट नावाचं सेटिंग ऑटोवर असतं आणि ऑटो म्हणजे प्रत्यक्षात चालू, म्हणजे बोर्ड तुम्हाला न विचारताच सहाही कोअर ४.७ ला पळवतो आणि क्रॅश व्हायला नको म्हणून व्होल्टेजही सढळ हाताने देतो, १.३ च्या आसपास. ९५ वॅटचा म्हणून घेतलेला प्रोसेसर मग रेंडरमध्ये १३०-१४० वॅट खातो आणि ४७ मिलिमीटरचा कूलर बिचारा तिथेच हात टेकतो. तुमचे ९८ डिग्री बहुतेक इथूनच येतायत. १०० डिग्रीला हा चिप स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे तुम्ही आत्ता काठावरच चालताय. ते सेटिंग बंद करा, लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट ९५ वॅट टाका, परत तोच एक्स्पोर्ट लावा आणि एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापाचं सॉफ्टवेअर उघडून पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खातो ते वॅट, आणि टेम्परेचर दोन्ही लिहून ठेवा. हे आकडे नसतील तर डीलिडने नेमकं काय मिळालं ते कधीच कळणार नाही. आणि कितीतरी लोकांचं काम इथेच भागतं बरं का, डबा उघडायचीही गरज पडत नाही.

भागलं नाही तर पुढे वाचा.

२०११ च्या सँडी ब्रिजपर्यंत इंटेल आपल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये आतली सिलिकॉन डाय, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी चकती, आणि वरचं धातूचं झाकण, म्हणजे आयएचएस, सोल्डरने जोडत होतं. २०१२ ला आयव्ही ब्रिजपासून सोल्डर गेलं आणि पेस्ट आली, ती थेट २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या तुमच्या ८७००के पर्यंत. पुढच्या वर्षी ९९००के आला तेव्हा परत सोल्डर. लोक त्या पेस्टला शिव्या देतात, पण खरा गुन्हेगार झाकणाच्या कडेला लावलेला काळा सिलिकॉन गोंद आहे. त्या गोंदाच्या जाडीमुळे झाकण डायपासून किंचित वर राहतं आणि मधली फट पेस्टने भरावी लागते, थर जाड झाला की उष्णता अडते. म्हणूनच डीलिड करून गोंद नीट खरवडला आणि आत नुसती चांगली साधी पेस्ट लावली तरी फरक दिसतो. लिक्विड मेटलने तो बराच वाढतो. थर्मल ग्रिझलीवाले स्वतःच्या कंडक्टोनॉटला ७३ वॅट प्रति मीटर केल्विन आणि साध्या क्रायोनॉट पेस्टला १२.५ सांगतात, कंपनीचे आकडे थोडे फुगवलेले धरले तरी अंतर केवढं आहे ते बघा.

८७००के ला ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीपेक्षा जास्त स्पीड लावून, १४० वॅटच्या आसपास चालवताना डीलिडने साधारण २० डिग्री पडतात. हीच उष्णता ९५ वॅट असेल तर तेवढ्याच प्रमाणात फरक कमी, १३-१४ डिग्री. कूलर मोठा असो की छोटा, तेवढ्याच वॅटला डाय आणि झाकणाच्या मधला फरक तेवढाच राहतो, कारण उष्णता आधी तिथून जाते आणि मग कूलरकडे येते. त्यामुळे छोट्या केसमध्ये डीलिडचा फायदा होत नाही असं जे म्हणतात ते चूक. पण झाकणापासून पुढे, म्हणजे कूलरच्या फिन्स, पंखा, केसची जाळी, खोलीतली हवा, तिथे काहीच बदललेलं नसतं. नवा झुवारी पूल झाला म्हणून पुलावरचं ट्रॅफिक सुटलं, पण पणजीत शिरताना गाड्या तेवढ्याच, तसं हे आहे.

आता ५ गीगाहर्ट्झचा हिशोब करा. पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.३ ला समजा १.१५ व्होल्ट लागतात आणि ५ ला १.३०, तर फ्रिक्वेन्सीचे १६ टक्के आणि व्होल्टेजचे जवळजवळ २८ टक्के, गुणाकार केला की उष्णता दीडपट होते, आणि कामाचा वेग १६ टक्के वाढतो, तोही सगळं सुरळीत चाललं तर. तेच ४.७ ला १.२० व्होल्टवर थांबलात तर साधारण १९ टक्के जास्त उष्णता देऊन ९ टक्के वेग मिळतो. डीलिडने जी जागा तयार झाली ती ५ च्या नादात परत भरून टाकायची, की ४.७ वर थांबून पंखा शांत करायचा, हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर दिवसभर हेडफोन लावून ऑडिओ सिंक करणाऱ्या माणसाला शांत पंखा ३०० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त कामाचा आहे.

डीलिडसाठी टूलच वापरा. रॉकिट ८८ किंवा डिलिड-डाय-मेट यापैकी जे मिळेल ते, एखाद्या गेमरकडे पडलेलं असेल तर मागून घ्या, आयुष्यात एकदाच लागतं. ब्लेडने कापायचे जुने व्हिडिओ बघू नका, इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून खालचा हिरवा सबस्ट्रेट, म्हणजे डाय ज्यावर बसते तो छोटा बोर्ड, पातळ झालाय, ब्लेड किंचित खाली गेलं की आतले ट्रेस, म्हणजे बारीक तारा, कापले जातात आणि प्रोसेसर गेला. टूलमध्ये प्रोसेसर बसवताना कोपऱ्यावरचा त्रिकोण टूलवरच्या खुणेशी जुळवा, मग ॲलन की हळूहळू फिरवायची. आधी काहीच होत नाही, हाताला ताण लागतो, अजून थोडं, अजून थोडं, आणि मग एकदम टक् असा आवाज येऊन झाकण एक-दोन मिलिमीटर सरकतं. तिथेच थांबा. गोंद तुटलेला असतो, पुढे रेटायची गरज नाही, झाकण बोटांनी सरळ वर उचला.

आत मधोमध चकचकीत डाय दिसेल, साधारण १५० चौरस मिलिमीटरची, तिच्यावर वाळलेली राखाडी पेस्ट. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्केवालं घ्या, मडगावात मोबाइल रिपेअरवाल्यांकडे विचारा, मिळतं. काळा गोंद जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने नाहीतर नखाने खरवडा, सबस्ट्रेटवर स्टीलची वस्तू अजिबात नको. झाकणाच्या बाजूचा गोंदही पूर्ण निघाला पाहिजे, इथे लोक कंटाळतात आणि अर्धवट सोडतात, आणि मग डीलिड करूनही ७-८ डिग्रीच का पडले म्हणून विचारत बसतात. डायच्या शेजारी उघडे बारीक कॉन्टॅक्ट आहेत, त्यांच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, वरून कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप, लावलीत तर उत्तमच. लिक्विड मेटलमधून वीज जाते, एक थेंब चुकीच्या जागी गेला की काम संपलं.

लिक्विड मेटल लावताना पहिल्यांदा सगळेच घाबरतात कारण ते पेस्टसारखं पसरत नाही. सिरिंज अगदी हलकी दाबून टाचणीच्या डोक्याएवढा थेंब डायवर सोडा, तो गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागतो, कापसाच्या काडीने दाबलं तरी बाजूने निसटतो. घाबरून अजून एक थेंब टाकू नका. तोच थेंब काडीने थोडा जोर देऊन घासत रहा, थोड्या वेळाने एका कोपऱ्यात तो अचानक चिकटतो आणि तिथून पुढे सगळीकडे आरशासारखा पातळ थर पसरत जातो. तसाच थर झाकणाच्या आतल्या बाजूला, डाय जिथे टेकते तेवढ्याच चौकोनात. तुमच्या केसमध्ये बोर्ड उभा असतो हे लक्षात ठेवा, जास्तीचं मेटल गरम झालं की खाली ओघळतं. जास्त वाटलं तर सिरिंजनेच परत ओढून घ्या.

आणि हे काम ॲल्युमिनियमपासून लांब करा. लिक्विड मेटलमधलं गॅलियम ॲल्युमिनियमला आतून पोखरतं, थेंब पडलेली जागा काही तासांत बिस्किटासारखी ठिसूळ होते, आणि तुमची केस ॲल्युमिनियमची, कूलरच्या फिन्स ॲल्युमिनियमच्या. टेबलावर जुना पेपर पसरून करा, काड्या आणि पेपर लगेच पिशवीत बांधून टाका. झाकणाला निकेलचा मुलामा असतो त्यामुळे आत काही त्रास नाही. झाकण आणि कूलरच्या मध्ये मात्र साधी पेस्टच लावायची, तिथे लिक्विड मेटल लावून मिळतं थोडं आणि उघड्या तांब्याचा बेस असेल तर तो हळूहळू ते पिऊन टाकतो.

यावरून भावाचं आठवलं. त्याला सांगा सिरिंज बॅगेत टाकून आणू नकोस. गॅलियम विमान वाहतुकीत करोझिव्ह माल म्हणून धोकादायक यादीत आहे, विमानाचं अंगच ॲल्युमिनियमचं, कारण उघड आहे. मोपाला काय नि दाबोळीला काय, पकडलं तर उगाच सणाच्या दिवशी कटकट. इथेच ऑनलाइन एक ग्रॅमची सिरिंज मिळते, तेवढी दोन-तीन प्रोसेसरना पुरते. त्याच्याकडून बाकी काय मागवायचं ते मागवा.

झाकण परत लावायचं, उघडं ठेवायचं नाही. डायरेक्ट डाय कूलिंगच्या, म्हणजे झाकणाशिवाय कूलर थेट डायवर टेकवायच्या, भानगडीत पडू नका, त्याला वेगळी फ्रेम लागते आणि छोट्या कूलरच्या स्क्रूचा दाब तिरका पडला तर डायचा कोपरा उडतो. काही लोक गोंद न लावता नुसतं सॉकेटच्या दाबावर झाकण ठेवतात, तेही चालतं, पण आपल्याकडच्या हवेत मी चारही बाजूंनी अगदी बारीक रेघ लावून एका बाजूला छोटी फट सोडतो, इंटेलच्या मूळ गोंदातही तशी फट असते, आतली हवा गरम होऊन फुगते तिला वाट लागते. ओलाव्यात गॅलियमवर ऑक्साइडची साय लवकर धरते म्हणून पूर्ण उघडं नको. गोंद म्हणजे गॅरेजवाल्यांकडे गॅस्केटला लावतात ते काळं आरटीव्ही सिलिकॉन, फक्त उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातून ॲसिड सुटतं आणि तांब्याला गंज धरतो, ट्यूबवर न्यूट्रल क्युअर किंवा सेन्सर सेफ लिहिलेलं बघा. जाड लावलंत तर झाकण परत वर उचललं जाईल आणि केलेलं सगळं पाण्यात. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं, त्यामुळे पावसाळ्यात गोव्यात हे एक काम तरी झटपट होतं. तरी एक दिवस क्लॅम्पमध्ये राहू द्या. घाई असेल आणि सॉकेटमध्येच चिकटवणार असाल तर लिव्हर पाडताना झाकण बोटाने धरून ठेवा, नाहीतर सॉकेटची पट्टी ते पुढे ढकलते.

एवढं सगळं करून लोक कूलरकडे बघतच नाहीत. सँडविच लेआउटच्या केसमध्ये, म्हणजे बोर्ड आणि ग्राफिक कार्ड पाठीला पाठ लावून असतात त्यात, कूलरचा पंखा साइड पॅनलच्या जाळीतून थेट बाहेरची हवा ओढतो, पण पंखा आणि जाळीमध्ये जर ८-१० मिलिमीटरची फट असेल तर तो बाहेरच्या हवेबरोबर बाजूची गरम हवाही परत ओढून घेतो. स्टेशनरीच्या दुकानातली क्राफ्टची फोम शीट आणा, पंख्याच्या मापाची रिंग कापा, फट बुजेल एवढे थर चिकटवा. दहा-वीस रुपयांत ३-४ डिग्री सहज मिळतात, कधी त्याहून जास्त. नॉक्चुआवाले त्यांच्या छोट्या कूलरसाठी हेच डक्ट किट म्हणून विकतात. पंखा हवा बोर्डाकडे फेकणारा ठेवा, छोट्या बोर्डावर व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाला, तेवढीच हवा मिळते. कोलवा, बाणावलीच्या बाजूला घर असेल तर फिन्सवर मीठ आणि धूळ मिळून चिकट थर बसतो, तो ब्लोअरने जात नाही, दर तीन-चार महिन्यांनी मऊ ब्रशने काढावा लागतो.

सेटिंग साधं ठेवा. सहाही कोअरला मल्टिप्लायर ४७, म्हणजे ४.७ गीगाहर्ट्झ, व्होल्टेज अडॅप्टिव्हमध्ये १.२० पासून सुरू करा, लोड लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखाली व्होल्टेज किती सावरायचं ते सेटिंग, मधल्या पातळीवर, सगळ्यात वरची पातळी लावली की लोड सुटताना व्होल्टेज उसळतं. एव्हीएक्स ऑफसेट शून्य ठेवा, कारण व्हिडिओ एन्कोडर एव्हीएक्स नावाच्या जड सूचना वापरतात आणि हा ऑफसेट त्या वेळी स्पीड कमी करतो, ऑफसेट २ ठेवलात तर बायोसमध्ये ४.७ दिसेल आणि एक्स्पोर्टमध्ये ४.५ चालेल, स्वतःलाच फसवणं ते. पॉवर लिमिट ११० वॅटच्या आसपास ठेवा. मग सिनेबेंच आर२३ ही रेंडरची चाचणी दहा मिनिटं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा खरा अर्ध्या तासाचा एक्स्पोर्ट ग्राफिक कार्डही चालू असताना, कारण छोट्या केसमध्ये कार्डाची उष्णता पण शेजारीच असते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये शेवटी व्हीया (WHEA) एररची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका मोजणारी, ओळ बघा, शून्य असली पाहिजे, क्रॅश झालं नाही म्हणजे स्टेबल असं नसतं. एरर दिसले तर १.२१, १.२२ असं चढा. १.२५ च्या पुढे जावं लागलं तर तुमचा चिप ४.७ झेपणाऱ्यातला नाही, ४.६ वर या. प्राइम९५ च्या स्मॉल एफएफटी या सगळ्यात जड चाचणीवर अडून बसू नका, तसा लोड तुमच्या कामात कधीच येत नाही. आणि खोलीचं तापमान एक डिग्री वाढलं की प्रोसेसरही एक डिग्री वाढतो, हे जानेवारीत सेट करणाऱ्यांना मे मध्ये कळतं. पावसात सेट करत असाल तर फुल लोडला ८२-८३ च्या वर जाऊ देऊ नका, उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत बाकीची जागा वापरली जाईल.

सगळं जमलं की बायोसचं प्रोफाइल पेनड्राइव्हवर सेव्ह करा आणि पेनड्राइव्हवर नाव लिहून ठेवा. पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन चालू असते, दोन-तीनदा मशीन मध्येच बंद पडलं की बोर्ड ओव्हरक्लॉक फेल म्हणून सगळं डिफॉल्टला नेतो, आणि डिफॉल्ट म्हणजे परत ते मल्टिकोअर एन्हान्समेंट ऑटो. तुम्हाला वाटेल लिक्विड मेटल सुकलं, आणि परत उघडायला बसाल. छोटा यूपीएस असलेला बरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतो. टाइमलाइन अडखळते म्हणून जर स्पीड हवा असेल तर आधी क्लिप मीडियाइन्फो या फाइलचा फॉरमॅट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. कॅमेरा एचईव्हीसी १० बिट ४:२:२ या जास्त रंगमाहितीच्या फॉरमॅटमध्ये शूट करत असेल तर तुमच्या ८७००के मधलं यूएचडी ६३० ग्राफिक ते हार्डवेअरमध्ये डीकोड करूच शकत नाही, सगळं ओझं कोअरवर, आणि तिथे ५ गीगाहर्ट्झ लावले तरी अडखळणारच. त्याला आय५ १२४०० सारखा नवा प्रोसेसर हवा, त्यातलं ग्राफिक हे फुटेज आरामात उघडतं, वर ६५ वॅटमध्ये रेंडरलाही तो ५ गीगाहर्ट्झच्या ८७००के च्या पुढे जातो, आणि तुमच्या याच कूलरच्या आवाक्यात बसतो, फक्त त्याच्या एलजीए १७०० सॉकेटचं माउंटिंग मागवावं लागेल. नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिकच नसतं. बोर्ड बदलावा लागेल हे खरं, आयटीएक्सचे स्वस्त नसतात. तो खर्च या सीझनला जमत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवून एडिट करा आणि एक्स्पोर्ट रात्री लावून झोपा.